गाठीच्या धुरातली चरबी

आमच्या खालांची स्तनातली गाठ काढली, त्या दिवशी घरात सर्वांनी शुक्राना अदा केला. दहा दिवसांनी रिपोर्ट आला: काढलेल्या तुकड्याच्या अगदी कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी आहेत, पुन्हा ऑपरेशन करावे लागेल. खालांनी एवढेच विचारले, "डॉक्टरांना त्याच वेळी दिसलं नाही का?"

नाही दिसत. गाठ कुठे संपली, हे डोळ्याला आणि बोटाला नक्की कळत नाही. ब्रिटनमध्येही स्तन राखून ऑपरेशन झालेल्या साधारण पाचातल्या एका बाईला पुन्हा टेबलावर जावे लागल्याची नोंद आहे.

फरक असतो तो पेशीच्या आवरणात. प्रत्येक पेशीभोवती चरबीचे दुपदरी आवरण असते, जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात आणि प्रत्येक नव्या पेशीला नवे आवरण हवे. निरोगी पेशी बहुतेक चरबी रक्तातून उचलते; कर्करोगाची पेशी ती स्वतःच तयार करू लागते. त्यासाठी लागणारे फॅटी ॲसिड सिंथेज हे एन्झाइम स्तनाच्या अनेक गाठींत भरपूर सापडते, हे 1994 साली अमेरिकेत फ्रान्सिस कुहाजदा यांच्या गटाने दाखवले. अशी घरची चरबी जास्त करून संपृक्त जातीची. ती सहजी खवट होत नाही, म्हणून पेशी चिवट बनते.

घरातले तेल बदला, गाठ विरघळेल, असे संदेश आपल्या भगिनींच्या मोबाइलवर फिरतात. ही पेशी तेलाची वाट पाहत नाही. रक्तातल्या साखरेपासूनही ती चरबी बनवते, आणि चहा फिका प्यायला तरी रक्तात साखर राहतेच.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधले झोल्तान ताकाच यांनी या फरकाचा उपयोग केला. सर्जन विजेच्या सुरीने कापतात तेव्हा धूर निघतो. एरवी तो ओढून फेकून देतात. ताकाचांनी तो नळीने मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नेला. धुरातल्या चरबीचा नमुना पाहून यंत्र काही सेकंदांत सांगते, हे गाठीचे की निरोगी. 2013 साली 81 ऑपरेशनांत त्याचे उत्तर नंतरच्या तपासणीशी जुळले. स्तनाच्या ताज्या नमुन्यांवरही दहातल्या नऊहून अधिक वेळा ते बरोबर ठरले. तरी आजही शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच.

आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायची सोय असते, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. ती आहे का, हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या वेळी खालांनी स्वतः विचारले.