मूत्राशयाची घाई व नवी औषधे

पर्वत पाटियाहून रिंग रोडच्या कापडबाजारात जाणाऱ्या व्यापाऱ्यास वाटेत लघुशंकेसाठी कोठे थांबता येईल याचा हिशेब मनाशी करावा लागत असेल, तर वयाची खूण समजून त्याने गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते. एकाएकी अनावर घाई होणे, दिवसातून आठांहून अधिक वेळा जावे लागणे, रात्री झोप मोडणे, ही अतिक्रियाशील मूत्राशयाची लक्षणे होत. मधुमेह, जंतुसंसर्ग व पुरुषांतील प्रोस्टेटची वाढ यांतही ती दिसतात. म्हणून आधी तपासणी हवी.

मूत्राशय आकुंचन पावते ते मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्यामुळे. त्या द्रव्याची स्नायूवरील जागा ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनॅसिन ही औषधे अडवून धरतात. धोतऱ्यातील विषाचीही करणी हीच. परंतु लाळग्रंथी, आतडी व डोळे हेही त्याच द्रव्याच्या हुकमतीत असल्याने तोंडास कोरड पडते, मलावरोध होतो, दृष्टी अंधुक होते. वृद्धांची बुद्धी क्वचित गोंधळते. घामही कमी होतो, ही गोष्ट सुरतेच्या उन्हाळ्यात विसरून चालणार नाही. काचबिंदू असल्यास डॉक्टरांस तो अवश्य सांगावा.

चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही वर्ज्य. साधे ऑक्सिब्युटिनिन दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावे लागते. मग रात्रीची गोळी कशी गिळावी, आणि कोरड कशी शमवावी? सोलिफेनॅसिन किंवा दीर्घकाळ टिकणारे टॉल्टेरोडीन दिवसातून एकदाच पुरते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांस उपवासाचे दिवस सांगून गोळीची वेळ ठरवून घ्यावी. संकोचाने ती परस्पर बंद करू नये. (रात्री पाणी न पिणे हे या व्याधीत पथ्यच ठरते, याची आम्हांस मौज वाटते.) दुकानात उठावे लागू नये म्हणून दिवसाही पाणी तोडणे मात्र अहितकारक, गडद मूत्र मूत्राशयास अधिकच चेतवते.

मिराबेग्रॉनची वाट निराळी. जपानात २०११ मध्ये व अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता पावलेले हे औषध आकुंचनाची आज्ञा अडवीत नाही, तर मूत्राशयास सैल पडावयास लावते. कोरड फारशी पडत नाही. रक्तदाब मात्र वाढू शकतो, म्हणून तो मोजीत राहावे लागते.

गोळ्यांनी गुण न आल्यास बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा मूत्राशयाच्या भिंतीत टोचतात. ते ॲसिटिलकोलीन तंतूंबाहेर पडूच देत नाही. गुण काही महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते.