माळ निर्दोष होती! मखरामागच्या आगीचं साधं गणित

गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी दुपारी आमच्या घरात मासळीचा वास सुटला. आमच्याकडे गणपती असेपर्यंत मासळी घरात येत नाही, त्यामुळे आईने आधी शेजारच्यांवर संशय घेतला. पाच-दहा मिनिटांत मखरामागून बारीक धूर दिसला. काकाने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. सॅटिनचा पडदा बाजूला केला तर मागच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं एक सॉकेट तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पडद्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. दोन हातांवर खाटेवर आजी झोपली होती.

घरच्यांनी एकमताने निकाल दिला, ‘ही स्वस्तातली एलईडीची माळ!’ मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर बोर्ड तिथे मीच ठेवला होता आणि वायरी दिसू नयेत म्हणून त्यावर पडदाही मीच सोडला होता. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून. त्यामुळे दोष माळेवर जातोय हे माझ्या सोयीचंच होतं.

संशोधनात येणार असाल तर ही जागा नीट लक्षात ठेवा. जे उत्तर आपल्याला सोयीचं असतं, ते सगळ्यात आधी तपासायचं.

आता प्रश्न असा मांडू: माळ दोषी असेल तर काय दिसायला हवं? माळेची वायर, तिचा कंट्रोलरचा डबा किंवा तिची पिन जळालेली दिसायला हवी. प्रत्यक्षात माळ जशीच्या तशी होती. जळालेल्या सॉकेटात पिन होती ती इलेक्ट्रिक किटलीची. स्वयंपाकघरातल्या सगळ्या शेगड्या पुरणावरणात अडकल्या होत्या, म्हणून पाहुण्यांच्या चहाचं पाणी मी बाहेरच्या खोलीत, त्याच बोर्डावर, एकामागून एक उकळत होतो. पुढे माळ लॅबमध्ये वॉटमीटरवर लावून पाहिली. ८ वॉट!

आता गणित करू. जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये मांडलेला नियम तुम्ही बारावीत पाठ केलाय: उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात तयार होते. किटली १५०० वॉटची आणि घरातला दाब २३० व्होल्ट, म्हणजे धारा साधारण ६.५ अँपिअर. बोर्डाचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. ही मर्यादा आधीच ओलांडलेली.

पण खरी गोम पुढे आहे. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या पिनेला घट्ट धरतात तेव्हा तिथला रोध अगदी नगण्य असतो. समजा ०.०१ ओहम. तेव्हा उष्णता निघते ०.४ वॉटच्या आसपास. हाताला कळणारही नाही. बोर्ड जुना झाला, पट्ट्या सैल पडल्या आणि रोध ०.५ ओहम झाला तर? ६.५ चा वर्ग साधारण ४२, त्याचा निम्मा २१ वॉट.

२१ वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण लॅबमधली २५ वॉटची सोल्डरिंग गन आठवा. तेवढ्याच शक्तीवर ती सोल्डर वितळवते, कारण सगळी उष्णता एका टोकाशी गोळा होते. म्हणजे मी मखरामागे जवळजवळ एक सोल्डरिंग गन चालू ठेवून त्यावर पडदा घातला होता. तीही तापत गेली की पितळावर ऑक्साइड चढतं, पट्टीचा ताण आणखी जातो, रोध वाढतो, उष्णता वाढते. चक्र सुरू.

याच सैल सॉकेटात फक्त ८ वॉटची माळ असती तर? धारा ०.०३५ अँपिअर, उष्णता एका वॉटच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वर्गाचा नियम असा बोलतो.

‘मग एमसीबी का पडली नाही?’ हा काकाचा प्रश्न, आणि तो उत्तम आहे. एमसीबी वायरमधून जास्त धारा गेली की पडते. आमची १६ अँपिअरची, तिला ६.५ अँपिअरमध्ये काहीच वावगं दिसत नाही. सैल सांध्याने रोध वाढतो, म्हणजे धारा उलट किंचित कमीच होते. ईएलसीबी धारा जमिनीकडे गळाली तरच पडते; इथे गळती नव्हतीच. दोन्ही उपकरणं ठीक होती, ती दुसऱ्याच गोष्टी मोजत होती. आपलं उपकरण नेमकं काय मोजतं, हे पीएचडीच्या पहिल्या वर्षी सगळ्यात उशिरा कळतं.

आणि तो मासळीचा वास? स्विच-सॉकेटसाठी वापरलं जाणारं युरिया जातीचं प्लास्टिक जास्त तापलं की अमाइन वर्गातली संयुगं सुटतात. मासळीच्या वासातही अमाइन असतात. म्हणजे आमच्या घरातला पहिला आणि अचूक सेन्सर आईचं नाक होतं. आम्ही तो डेटा ‘शेजाऱ्यांचा’ म्हणून बाजूला टाकला.

याचा अर्थ माळा नेहमीच निर्दोष असा काढू नका. हा निष्कर्ष एका बोर्डापुरता आहे. टेप गुंडाळून जोडलेली, सोललेली किंवा गुंडाळी करून कोंबलेली माळ धोक्याचीच.

यंदा आमच्या घरी ठरलेले नियम असे:

१. किटली, इस्त्री, हीटर कधीही सजावटीच्या बोर्डावर नाही. ती भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर.

२. बोर्ड उघडा, डोळ्यांसमोर आणि जमिनीपासून वर. अभिषेकाचं पाणी जमिनीवरच सांडतं. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही.

३. पिन सैल बसत असेल किंवा सॉकेटभोवती तपकिरी डाग असेल तर बोर्ड बाद. अर्ध्या तासाने स्विच बंद करून पिन काढायची. प्लग गरम लागला तरीही बाद.

४. समई-निरांजन कापड, कागद, सुक्या फुलांपासून लांब. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच; ते साधारण १०० अंशांना मऊ पडतं आणि काळा धूर सोडत जळतं.

५. झोपताना सगळी रोषणाई बंद. देवाजवळचा दिवा राखायचा असेल तर कोणीतरी जागं हवं.

६. धूर दिसला तर आधी मेन स्विच. वीज चालू असताना पाणी टाकायचं नाही. आटोक्यात नसेल तर माणसं बाहेर आणि १०१ किंवा ११२ ला फोन.

काम झाल्यावर मी तो जळका बोर्ड फेकला नाही. तो माझ्या टेबलावर आहे. थिसिसमध्ये एखादा निकाल फारच मनासारखा आला की मी त्याच्याकडे एकदा बघतो. तुम्ही आज एवढंच करा: घरातल्या सगळ्यात जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात पिन घालून बघा, ती सैल हलते का. हलली तर तुमचं पहिलं निरीक्षण तयार आहे, आणि त्यावर काय करायचं हेही तुम्हाला आता माहीत आहे.