परळची खोली, न्यूयॉर्कचा रविवार आणि इटलीचे एक सत्र



मागल्या महिन्यात गट बैठक संपल्यावर एक जुने सभासद आमच्या टेबलापाशी येऊन थांबले. उसाच्या नोंदीची तक्रार नव्हती, बिलाची नव्हती, पाणीपट्टीचीही नव्हती. टोपी हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "साहेब, ही इटली म्हंजे नेमकी कुठं आली?"

या आबांची नात मुंबईला कॉलेजात शिकते. लालबागला चुलत्याकडे राहते. तिच्या कॉलेजचा इटलीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे. त्यात निवडक मुलामुलींना एक सत्र, म्हणजे साधारण पाच महिने, तिकडे शिकता येते. यंदा यादीत पोरीचे नाव लागले. फी इकडचीच भरायची. पण विमान, खोलीचे भाडे, जेवणखाण हा सगळा खर्च घरचा. ट्रॅक्टरचा हप्ता चालू आहे, खोडव्याचा उतारा बेताचा आला आहे. आजीने न बोलता हातातल्या पाटल्या काढून समोर ठेवल्या आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत.

आबांचे खरे दुखणे मात्र वेगळेच निघाले. पोरीने फोनवर सांगितले की तिकडे शनिवार-रविवार सुटी असते, तेव्हा आगगाडीने फ्लॉरेन्स बघणार, व्हेनिस बघणार. आबा म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच सांगा. ही शिकाय चाललीय का फिराय?"

आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. कारखान्याच्या कामासाठी आम्हाला मुंबईला साखर भवनात जायचे होतेच. तिथले काम दुपारी उरकले आणि हातात अर्धा दिवस राहिला. गिरगाव, परळ, दादर अशी फेरी मारली. आबांच्या प्रश्नाचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर एका विद्यार्थ्याने देऊन ठेवले आहे, ते सभासदांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

चर्नी रोडची बाग

हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे पुढचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. आपण इथे फक्त त्यांच्या विद्यार्थीदशेकडे बघू.

वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. कुटुंब मुंबईला आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. खोली एकच. त्यातच चूल, जाते, सरपण आणि माणसे. पोराला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून वडील त्याला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण झोपत. पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जात. लेक अंगावरचा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. पाटल्यांची गोष्ट काही आबांच्याच घरची नाही.

शाळा सुटली की हा मुलगा गिरगावात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याला हेरले ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले.

बागेत वाचत बसलेले पोर बघून चौकशी करणारा एक मास्तर भेटला, म्हणून पुढचा रस्ता उघडला. आपल्या गावात असा मास्तर असेल तर त्याला जपा.

अकरा पौंड दहा शिलिंग

तोवर कुटुंब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले होते. चाळ नंबर एक, खोली ५०. आम्ही त्या भागात गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आपल्या सातारा-कोल्हापूरकडची किती माणसे या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबली आणि खानावळीत जेवली, त्याचा हिशेब नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. आता गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे दिसतात. तरी जुन्या चाळीच्या लांब गॅलरीत उभे राहिले की एवढ्याशा खोलीत किती माणसे नांदत असतील याचा अंदाज येतो.

फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोदे सरकारशी करारावर सही केली. तीन वर्षे परदेशी शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस.

साडेअकरा पौंडांत त्यांना स्वतःचे भागवायचे होते आणि त्यातूनच परळला घरी पैसे धाडायचे होते. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असे विषय त्यांनी घेतले. नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला आणि ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातिसंस्थेवर त्यांनी तिथल्या विद्वानांपुढे निबंध वाचला.

सुटीत काय केले?

आता आबांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या विद्यार्थ्यालाही सुट्या होत्या. सभोवती न्यूयॉर्कसारखे शहर होते. वेळ मिळाला की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांची वाट धरीत. पोटाला चिमटा घेऊन तिथे त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली.

पुढे १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. महायुद्धाचे दिवस. सामान ज्या बोटीवर चढवले होते ती बोट जर्मनांनी बुडवली आणि सामानाबरोबर बरीचशी पुस्तके समुद्राच्या तळाला गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला पोहोचले. बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली, तेच पैसे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला कामी आले. आपल्याकडे गारपिटीने उभे पीक झोपते, तसाच हा प्रकार. पण वाचलेले डोक्यात होते, ते बुडाले नाही.

दुसरी खेप

बडोद्यात जातीपायी राहायला जागा मिळेना, म्हणून नोकरी सोडून परत परळ. १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, त्या काळात मोठाच. तरी बिऱ्हाड चाळीतच ठेवले आणि लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी पै-पै बाजूला टाकली.

याच सुमाराला कोल्हापूरचे शाहू महाराज पाठीशी उभे राहिले. मार्च १९२० मध्ये माणगावला जी परिषद भरली, ते माणगाव आपल्याच ऊसपट्ट्यातले, हातकणंगले तालुक्यातले. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा निघाले. गाठीला स्वतःची शिल्लक, महाराजांची दीड हजाराची मदत आणि मित्र भथेनांकडून उसने घेतलेले पाच हजार.

लंडनमध्ये ग्रंथालय उघडले की आत आणि बंद झाले की बाहेर, असा क्रम. सकाळची न्याहारी बेताची, दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री भूक लागली की कपभर बोव्हरिल, थोडी बिस्किटे आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते, पण तिथला अभ्यास पुरा झाला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचाही एक बेत तडीस गेला नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगून परत दिला. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आल्यावर त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्‌सी. पदवी मिळाली. तोवर ते बॅरिस्टरही झाले होते.

घरी कोण होते?

परदेशाच्या गोष्टी सांगताना आपण एक माणूस विसरतो. खोली ५० मध्ये रमाबाई होत्या. धनी सातासमुद्रापार, पदरात लेकरू, येणाऱ्या पैशाचा भरवसा नाही. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या यादीत रमाबाईंचे नाव कुठे छापलेले नाही, पण त्या पदव्यांचा अर्धा खर्च त्यांनी सोसला असे आम्हाला त्या चाळीपाशी उभे असताना वाटले.

आणि फेड कशी झाली तेही बघा. परळच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि हजारो गरिबांची पोरे शिकली. एकाने नेलेली शिदोरी अशी गावजेवणाला पुरली.

आता इटलीबद्दल थोडे

सगळ्यांनाच आंबेडकर होता येत नाही, आणि आबांच्या नातीने उपाशी राहून अभ्यास करावा असेही आमचे म्हणणे नाही. तरी जायचे तर माहिती घेऊन जावे.

इटलीतले बोलोन्या विद्यापीठ युरोपात सर्वांत जुने मानतात. त्याची सुरुवात १०८८ सालची धरतात. तिकडे बऱ्याच परीक्षा तोंडी होतात, मास्तरांसमोर बसून. गुण तिसांपैकी, पास व्हायला अठरा लागतात. तेव्हा घोकंपट्टी चालत नाही, बोलता यावे लागते. पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, ते विसरून चालणार नाही. खोलीचे भाडे हा सर्वांत मोठा खर्च. पॅसेंजर गाड्या स्वस्त आहेत, पण कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालये फुकट असतात. फ्लॉरेन्स बघायचेच तर तो रविवार धरावा.

आणि एक गोष्ट खास आपल्या कामाची. इटलीत साखर उसाची नाही, बीटाची. बोलोन्यापासून थोड्या अंतरावर मिनेर्बिओ गावी बीट उत्पादक शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना आहे. 'कोप्रोब' ही त्यांची संस्था १९६२ साली स्थापन झाली. म्हणजे तिकडेही शेतकरीच भागधारक. २००६ साली युरोपने साखरेचे धोरण बदलले, आधारभूत दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी खाली आणला, कारखाना बंद करणाऱ्याला पैसे देऊ केले. इटलीतले बहुतेक साखर कारखाने तेव्हा बंद पडले. सहकारातली ही संस्था मात्र टिकून राहिली. ती कशी टिकली, सभासदाने साथ कशी दिली, हे आपल्याला कळायला नको का?

आबांना आमचे उत्तर

परवा आबा वजनकाट्यावर भेटले. आम्ही म्हटले, "आबा, पोरीला जाऊ द्या. पण आधी कागदावर हिशेब मांडा. भाडे किती, जेवण किती, शिष्यवृत्ती मिळते का, कॉलेजकडून लेखी काय आहे, तिकडचे गुण इकडे धरणार का, ते सगळे विचारून घ्या. बँकेचे शैक्षणिक कर्ज बघा. पाटल्या सगळ्यात शेवटी."

आबा म्हणाले, "आणि ते शनिवार-रविवार?"

"फिरू द्या की. चार शनिवार तिचे. पण एक शनिवार आमचा. तिने मिनेर्बिओला जायचे, बीटाची गाडी काट्यावर कशी घेतात, दर कसा ठरतो, बिल किती दिवसांत मिळते ते विचारायचे आणि आपल्या अंकासाठी लिहून धाडायचे."

आबा हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आमची मंडळी दोन दिवस झाले विचारतीया, तिकडं थंडी किती असती. गोधडी शिवाय घेतलीय तिनं."

आम्ही समजलो. घरातला निकाल आधीच लागला होता.

आपल्या कार्यक्षेत्रात अशी आणखी मुले-मुली असतील. त्यांच्या आईबापांनी टोपी हातात घेऊन संकोचाने उभे राहू नये. कारखान्याच्या कार्यालयात यावे, बसावे, विचारावे. आम्हाला जे ठाऊक असेल ते सांगू, नसेल ते विचारून आणू. आणि आबांच्या नातीचे पत्र आले की याच पानावर छापू.