‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीचा अर्थ

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता हॉटेलात काय खावं ते सांगणार का? थोडंफार तेही सांगणार आहोत. पण मूळ प्रश्न जरा वेगळा आहे. ठाणे स्टेशनबाहेर पडा, कल्याणला शिवाजी चौकाकडे जा, डोंबिवलीत फडके रोडवर फिरा. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी सगळीकडे दिसते. त्यातला ‘शुद्ध’ शब्द आपल्याला काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं कळलं तरी प्रवासात मनासारखं जेवण शोधणं पुष्कळ सोपं होतं.

आधी आमची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एक जुनी विद्यार्थिनी परदेशातून आली होती. ती व्हीगन. म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, लोणी, मध हेही नाही. आम्ही म्हटलं, ‘‘अगं, आमच्याकडे कसली अडचण? इथे पावलोपावली शाकाहारी मिळतं.’’ आणि मोठ्या ऐटीत तिला ठाण्यातल्या एका बऱ्यापैकी शुद्ध शाकाहारी हॉटेलात नेलं. मेनूकार्ड उघडलं तर निम्मं पनीर. बाकीच्या भाज्यांच्या ग्रेव्हीत क्रीम नाहीतर दही. डाळीला तुपाची फोडणी, जिरा राईसला तूप, नानच्या पिठात दही, रोटीवर बटर. वेटर बिचारा पुन्हापुन्हा सांगत होता, ‘‘मॅडम, एकदम प्युअर व्हेज आहे, अंडंसुद्धा आत येत नाही.’’ तो खरंच बोलत होता. पण शेवटी साधा भात, भाजलेला पापड आणि काकडी-कांदा एवढंच खाऊन ती उठली. बिल मात्र चांगलं आलं.

संध्याकाळी डोंबिवलीत उतरलो. आता डोंबिवली म्हटलं की पोळी-भाजी केंद्रं आलीच. नोकरीवरून परतणारी माणसं तिथून पोळ्या आणि भाजी घेऊन घरी जातात. अशाच एका केंद्रात आम्ही विचारलं, ‘‘ताई, पोळीला तूप लावता का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही हो काका, तेल. या भावात तूप कुठलं परवडायला?’’ पोळ्या, मटकीची उसळ, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. पोरगी पोटभर जेवली. फक्त ताक तेवढं नको म्हणाली.

असं का झालं? आमच्या मते याचं उत्तर भाषेत आहे. आपल्याकडे पानावर भात वाढला की वरून तुपाची धार धरतात. त्या तुपाला जुन्या मराठीत काय नाव आहे ठाऊक आहे? ‘अन्नशुद्धी’. म्हणजे अन्न शुद्ध होतं तेच मुळी तुपानं! तेव्हा हॉटेलवाल्यानं ‘शुद्ध’ लिहिलं आणि सढळ हातानं तूप घातलं, यात विसंगती काहीच नाही. तो पावित्र्याची भाषा बोलतोय. आमची विद्यार्थिनी बोलत होती ती हिंसेची भाषा: या पदार्थासाठी कुठल्या जनावराला वापरलं गेलं का, एवढाच तिचा प्रश्न. पावित्र्य आणि अहिंसा ही दोन वेगळी मापं आहेत. आपण दोन्हींना ‘शाकाहार’ हे एकच नाव दिलंय, आणि मग टेबलावर बसल्यावर घोटाळा होतो.

हा घोटाळा नवा नाही. गांधीजी 1888 साली शिक्षणासाठी लंडनला गेले, त्याआधी त्यांनी आईसमोर मांस न खाण्याची प्रतिज्ञा घेतली होती. आत्मचरित्रात ते सांगतात, की इंग्लंडमध्ये त्यांना ‘मांस’ या शब्दाच्या तीन व्याख्या भेटल्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य, म्हणजे मासे आणि अंडी चालतात. दुसरीत सगळ्याच प्राण्यांचं मांस वर्ज्य, पण अंडी चालतात. तिसरीत प्राण्यांपासून मिळणारं सगळंच वर्ज्य, अगदी दूधसुद्धा. आता प्रतिज्ञा कुठल्या व्याख्येनं पाळायची? गांधीजींनी ठरवलं, की जिच्यासमोर प्रतिज्ञा घेतली त्या आईला जो अर्थ अभिप्रेत होता तोच खरा. आईच्या लेखी अंडं म्हणजे मांसच. झालं, अंडी बंद. आणि मग लंडनमधल्या शाकाहारी उपाहारगृहांतसुद्धा त्यांना प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी लागली, कारण तिथल्या पुडिंगांत आणि केकमध्ये अंडं असायचं. शाकाहारी पाटीच्या आत बसूनही विचारावं लागतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पुढची गोष्टही बघण्यासारखी आहे. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूधही सोडलं. नंतर 1918 मध्ये ते खूप आजारी पडले. डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय शरीर सावरणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, की व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं. पण त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलंय, की व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मात्र सुटला. आम्ही हा प्रसंग वर्गात अनेक वर्षं शिकवला. त्यातून प्रवाशानं घ्यायचं ते असं, की व्याख्या आपली आपण आधी ठरवावी, आणि कुठं सवलत घेतली तर निदान स्वतःपासून ती लपवू नये.

सरकारनंही आपली एक व्याख्या केलेली आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका तुम्ही रोज बघता. आपल्या नियमांत अंडं मांसाहारात मोडतं, दूध आणि मध शाकाहारात. म्हणजे हिरवा ठिपका व्हीगन माणसाच्या उपयोगाचा नाही. त्यासाठी 2022 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वेगळे नियम आणले आणि हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं वेगळं चिन्ह दिलं. ‘व्हीगन’ हा शब्दसुद्धा तसा अलीकडचा, 1944 सालचा, इंग्लंडात तयार झालेला. आपल्या वेटरला तो माहीत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

उलट त्याला दुसऱ्या कितीतरी व्याख्या पाठ असतात, हे विसरू नका. ‘जैन’ म्हटलं की कांदा-लसूण-बटाटा नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. ‘उपवासाचं’ म्हटलं की साबुदाणा, वरी, राजगिरा. आपल्या भागात आगरी-कोळी घरांत मासळी रोजची, पण तिथेही ‘आज माझा वार आहे’ म्हटलं की पुढची सगळी चर्चा संपते. श्रावणात तर घरच्या घरं बदलतात. गळ्यात तुळशीची माळ दिसली की पंगतीत वाढणारा मटणाचं भांडं घेऊन पुढे सरकतो. म्हणजे दुसऱ्याचा नियम सांभाळून वाढणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. व्हीगन माणसाला फक्त या यादीत आपला नियम बसवून द्यायचाय.

तो कसा बसवायचा? आमचा अनुभव असा, की नाव सांगू नये, वस्तू सांगावी. ‘‘दादा, दूध, दही, तूप, लोणी, पनीर, क्रीम चालत नाही. तेलात करून द्याल का?’’ एवढं एक वाक्य पुरतं. ‘व्हेज आहे ना?’ असं विचारलं तर उत्तर कायम ‘हो’ असंच येणार. ‘फोडणी कशात देता?’ असं विचारलं तर खरं उत्तर येतं. आणि विचारायचं ते गर्दीच्या वेळी नाही. दुपारी दीड वाजता आतल्या माणसाला श्वास घ्यायला सवड नसते.

आता कुठं काय मिळेल ते बघू. गंमत अशी आहे, की आपल्या रस्त्यावरचं स्वस्त खाणं बहुतेक करून तेला-बेसनाचं आहे. बटाटावडा म्हणजे बटाटा, बेसन, मिरची-लसूण आणि तेल. कल्याणचा खिडकी वडा, ठाण्याची मामलेदार मिसळ ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. मिसळीत उसळ, फरसाण आणि तर्री असते. कुठे वरून दही घालतात, तेवढं नको म्हणायचं. पावाला मात्र कधी लोणी फासतात, ते विचारून घ्यावं. इडली, मेदूवडा, चटणी बहुधा चालतं. डोसा तेलावर मागावा आणि सांबाराची फोडणी विचारावी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालात तर वाटेत पिठलं-भाकरी-ठेचा मिळतो. पिठल्यात काही जण ताक घालतात, तेवढी चौकशी करायची. अळूवडी, कोथिंबीरवडी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी या सगळ्यात दुधाचा संबंध सहसा येत नाही. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा आणि कोशिंबिरीतलं दही बाजूला ठेवायला सांगावं. सगळ्यात अवघड काय, तर चहा! ‘कोरा चहा’ म्हटलं तर मिळतो, पण टपरीवाला एकदा आपल्याकडे निरखून बघतो.

त्या ताई म्हणाल्या होत्या, तूप परवडत नाही. ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. झुणका-भाकर, चटणी, ठेचा हे कष्टकऱ्यांचं जेवण. तूप ही मानाची गोष्ट, पाहुण्याच्या पानात वाढायची. म्हणून हॉटेल जितकं भारी, तितकं त्यात लोणी-क्रीम जास्त. व्हीगन माणसानं आपल्याकडे उंची हॉटेलापेक्षा साध्या खानावळीत शिरावं, हा आमचा सल्ला त्यातून आलेला आहे.

लांबच्या प्रवासाचं एकच सांगतो. विमानाचं तिकीट काढताना जेवणाची संकेताक्षरं असतात. ‘एव्हीएमएल’ म्हणजे आपल्याकडचं मसालेदार शाकाहारी, त्यात दूध-दही असतं. ‘व्हीजीएमएल’मध्ये दूधही नसतं. ‘व्हीजेएमएल’ हे जैन. परदेशात नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर पानात अंडं येऊ शकतं. त्यामुळे अंडं न खाणाऱ्या आपल्या माणसानंही तिथे व्हीगन पदार्थ शोधणं सोयीचं पडतं.

आता थोडं अवघड बोलतो. ‘शुद्ध’ या शब्दाला आपल्याकडे विटाळाची सावली आहे. कोणी शिजवलं, कोणी हात लावला, शेजारच्या पानात काय आहे, हे सगळं त्या शब्दामागून येतं. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शाकाहारी जेवण पोचवण्यासाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं नेमायचं जाहीर केलं. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. पाकिटावरचा ठिपका माणसाच्या अंगावर चढवला की काय होतं, हे त्या दोन दिवसांत दिसलं. आम्ही स्वतः जन्मापासून शाकाहारी आहोत, त्यात आमचं कर्तृत्व शून्य. म्हणून नियम पाळताना आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. आपला नियम पदार्थात काय आहे याबद्दल आहे? तो कुठल्या भांड्यात, कुठल्या तेलात झाला याबद्दल आहे? की तो कोणी केला याबद्दल? पहिले दोन प्रश्न वेटरला खुशाल विचारावेत. तिसरा मनात आला, तर तो वेटरला विचारायचा नसतो, त्याचं उत्तर आपलं आपल्यालाच द्यावं लागतं.

ती विद्यार्थिनी निघताना म्हणाली, ‘‘सर, पुढच्या वेळी थेट पोळी-भाजी केंद्रातच जाऊ.’’ आम्ही हो म्हटलं. तुमच्याही गावात अशी जागा असेल, जिथे विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं, तर पुढच्या वेळी येताना सांगा. आज इथेच थांबू. नमस्कार.