ओपीजी काढताना जीभ कुठे ठेवायची?

ओपीजीचं, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं, म्हणजे आपण कसेही उभे राहिलो तरी अख्खा जबडा त्यात येणारच, असं कळंबहून बारामतीला किंवा इंदापूरला दाढ दाखवायला जाणाऱ्या अनेकांना वाटतं. फोटो पुसट आला की खापर यंत्रावर! पण यंत्र टिपतं तो फक्त दातांच्या कमानीसारखा एक अरुंद पट्टा. पुढच्या दातांपाशी तो जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असतो. म्हणूनच प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या खाचेत वरचे आणि खालचे पुढचे दात नेमके टेकवायला सांगतात. दात पुढे सरकले तर फोटोत काटकुळे दिसतात, मागे राहिले तर फताडे. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनवलेली आहेत. मिलिमीटरची किंमत या पंचक्रोशीला वेगळी सांगायला नको.

‘ताठ उभं राहिलं की झालं,’ हेही अर्धंच खरं. ताठ उभे राहूनही आपण मान पुढे काढतो, आणि मग मणक्याची पांढरी सावली नेमकी पुढच्या दातांवर पडते. पाय थोडे पुढे, हात दांड्यांवर, खांदे सैल आणि मान मागून ताणलेली, असं जरा अवघडल्यासारखं उभं राहावं लागतं. हनुवटी फार खाली गेली तर दातांची ओळ खोल वाटीसारखी येते. वर उचलली तर टाळूचं हाड वरच्या दातांच्या मुळांवर येतं.

सर्वांत दुर्लक्षित जीभ. तोंड मिटलं तरी जीभ आणि टाळू यांच्यामध्ये हवा उरते. तिचा काळा पट्टा वरच्या मुळांच्या टोकांवर पडतो, आणि डॉक्टरांना बहुधा तीच टोकं पाहायची असतात. ‘जीभ टाळूला लावा’ म्हटलं की लोक नुसतं टोक लावतात. त्यापेक्षा ‘आवंढा गिळा आणि जीभ तशीच दाबून धरा’ हे सांगणं बरं. पुढचे बारा-पंधरा सेकंद हलायचं नाही. मध्येच हललात तर जबड्याच्या कडेला पायरी दिसते आणि हाड मोडल्याचा भास होतो.

‘कानातल्या कुड्या काय आड येणार?’ येतात. उजव्या कुडीची मोठी, धूसर सावली डावीकडे, थोडी वर उमटते. चमकी, केसांचे आकडे, कवळी, मंगळसूत्र, सगळं काढायचं. मंगळसूत्राचा संकोच समजण्यासारखा आहे, पण फोटो पुन्हा काढावा लागला तर किरण दुप्पट.

किरणांची भीती मात्र अवास्तव. एका ओपीजीत मिळणारा डोस साधारण दोन-चार दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्साराएवढा असतो. गळ्याला शिशाचा पट्टा दिला नाही म्हणून रागावू नका. ओपीजीत तो किरणांच्याच वाटेत येतो आणि हनुवटीचा भाग झाकतो. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही 2024 मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी असे पट्टे आणि एप्रन नेहमी वापरण्याची गरज नसल्याचं सांगितलं. गरोदर असाल तर आधी सांगावंच.

आणि ओपीजीत सगळंच दिसतं असंही नाही. अक्कलदाढ, जबड्याचं हाड, गाठ यांसाठी तो उत्तम. दोन दातांच्या फटीतली बारीक कीड पाहायला तोंडात ठेवायची छोटी फिल्मच लागते.