हिशेबाच्या वहीतील डिझेल

महिन्याची अखेर जवळ आली होती. रायगड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एका शिंप्याच्या घरी, दिवेलागणीनंतर हिशेबाची वही उघडली गेली. डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च, ही त्या घरची जुनी पद्धत. जमेची बाजू एका ओळीत संपत असे : दुकानाचे उत्पन्न २२,००० रुपये. खर्चाची बाजू मात्र पानभर पसरे. घरभाडे, किराणा, भाजी, दूध, गॅसचे सिलिंडर, वीज, एस.टी.चे भाडे, शाळेचा खर्च, औषधपाणी आणि दिवाळीच्या कपड्यांसाठी दरमहा बाजूला काढावयाची रक्कम. त्या महिन्यात खर्चाची बेरीज जमेपेक्षा ७०० रुपयांनी अधिक भरली. आईने क्षणभर विचार केला आणि रोजच्या एक लिटर दुधापुढे ‘अर्धा लिटर’ असे लिहिले.

डिझेल महागल्याच्या बातम्या काही आठवडे वर्तमानपत्रात येत होत्या. सातवीत शिकणाऱ्या मुलीने त्या वाचल्या होत्या. ती म्हणाली, “आई, आपल्या घरात वाहन म्हणावे तर बाबांची सायकल. मग डिझेल महागले म्हणून आपले दूध का कमी व्हावे?”

प्रश्न लहान, पण नेमका होता. त्याचे उत्तर शोधावयाचे तर वस्तू शेतातून स्वयंपाकघरात कशी येते, हे आधी पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल कांदा घेऊ. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ. तेथून नवी मुंबईतील वाशीच्या बाजारापर्यंतचे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. समजा, एका मालमोटारीत १०,००० किलो कांदा भरला. तिला एवढ्या प्रवासास ५० लिटर डिझेल लागते आणि रिकामी परत येण्यासही तेवढेच लागते, असे धरू. डिझेल लिटरमागे १० रुपयांनी महागले, तर या फेरीचा खर्च १,००० रुपयांनी वाढेल. ही वाढ १०,००० किलोंवर वाटली, तर किलोमागे किती येते? केवळ १० पैसे.

दहा पैशांनी कोणाचे दूध कमी होत नाही. परंतु हिशेब येथेच संपत नाही. कांदा मालमोटारीत चढण्यापूर्वी शेत ट्रॅक्टरने नांगरलेले असते. शेतातून बाजार समितीपर्यंतही तो वाहनानेच येतो. वाशीहून तालुक्याच्या गावी तो लहान टेंपोने जातो. टेंपोत माल थोडा मावतो, म्हणून तेथे किलोमागे खर्च अधिक बसतो. अशा रीतीने प्रत्येक टप्प्यावर काही पैसे किमतीला चिकटत जातात. कांद्याप्रमाणेच डाळ, तेल आणि साबण येतात. दुधाचा टँकर रोज धावतो. शिंप्याच्या दुकानातील दोऱ्याची रिळेही कोठून तरी वाहूनच आणलेली असतात. थेंबे थेंबे तळे साचते, त्याप्रमाणे पैशापैशाने खर्चाचे पान भरते. वाहन नसलेल्या घरात डिझेल शिरते, ते असे.

प्रवासाचेही तसेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. डिझेल, टायर, गाड्यांचे सांगाडे आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता, या सर्वांचा वाढलेला खर्च त्या वाढीमागे होता. शिंप्यास कापड व अस्तर आणण्यासाठी दर आठवड्यास शहरात जावे लागे. ती वाढ त्याच्या वहीत उतरलीच.

हाच हिशेब आणखी एका कामी उपयोगी पडतो. डिझेल १० रुपयांनी महागले आणि कांदा मात्र किलोमागे ५ रुपयांनी चढला, तर सारा दोष डिझेलला देता येत नाही. अवकाळी पावसाने पीक बुडाले असेल, साठवणीतील कांदा सडला असेल, किंवा मधल्या कोणी अधिक नफा घेतला असेल. ज्याला हिशेब येतो, त्याला कारण आणि सबब यांतील भेद कळतो.

आता डिझेल का महागते ते पाहू. भारतास लागणाऱ्या दर १०० भाग खनिज तेलापैकी ८५ हून अधिक भाग परदेशांतून येतात. हे तेल पिंपाच्या मापाने विकले जाते; एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. त्याची किंमत बहुतांशी डॉलरमध्ये चुकती करावी लागते. म्हणून परदेशात तेल महागले, अथवा डॉलरच्या तुलनेने रुपया घसरला, तरी आपल्याकडील खर्च वाढतो. १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध झाले आणि अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला. पिंपाचा दर सुमारे ३ डॉलर होता; तो १९७४ च्या आरंभी जवळजवळ चौपट झाला. त्याच १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजावरून खोदकाम करताना मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली तेल लागले. हे क्षेत्र ‘मुंबई हाय’ म्हणून ओळखले जाते. तथापि देशाची गरज त्याहून वेगाने वाढत गेली.

पंपावर आपण देतो ती किंमत केवळ तेलाची नसते. तीत तेल शुद्ध करण्याचा खर्च, वाहतूक आणि पंपचालकाचे कमिशन यांचा समावेश असतो. त्यांवर केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क आणि राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर बसतो. १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. राज्याराज्यांचे कर वेगळे असल्यामुळे सीमेच्या अलीकडे एक दर व पलीकडे दुसरा, असे घडते.

कर हा धरणाच्या दरवाजासारखा असतो. तो उचलला किंवा खाली केला, की खालच्या प्रवाहात फरक पडतो. मे २०२० मध्ये साथीमुळे जगभरचे व्यवहार थंडावले होते आणि खनिज तेल अतिशय स्वस्त झाले होते. त्या वेळी केंद्र सरकारने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० रुपयांनी व डिझेलवर १३ रुपयांनी वाढविले. त्यामुळे तेलाची स्वस्ताई ग्राहकापर्यंत फारशी आली नाही; ती सरकारच्या तिजोरीत गेली. पुढे २०२२ मध्ये रशिया व युक्रेन यांचे युद्ध सुरू होऊन तेल भडकले. तेव्हा मे महिन्यात हेच शुल्क पेट्रोलवर ८ रुपयांनी व डिझेलवर ६ रुपयांनी कमी करण्यात आले.

मग कर हवाच कशाला, असे कोणी विचारील. कांद्याची मालमोटार ज्या रस्त्यावरून धावते तो रस्ता, मुलगी ज्या शाळेत शिकते ती शाळा, सरकारी दवाखाना, शिधावाटप दुकानातील धान्य आणि सीमेवरील जवानाचा पगार, हे सारे प्रामुख्याने करांतूनच उभे राहते. कर हा दंड नव्हे. ती सर्वांनी मिळून काढलेली वर्गणी होय. प्रश्न एवढाच, की ती वर्गणी कोणाकडून व किती घ्यावी.

प्राप्तिकरासारखा प्रत्यक्ष कर मनुष्याची मिळकत पाहून घेतला जातो. शिंप्याची मिळकत अल्प असल्याने तो त्याच्यावर बसत नाही. वस्तूंवरील कर मात्र अप्रत्यक्ष असतो. साबणाच्या वडीवर शिंपी आणि गिरणीमालक सारखाच कर देतात. वडी घेणाऱ्याची मिळकत दुकानात कोणी विचारीत नाही. १९३० साली महात्मा गांधींनी मिठावरील करच सत्याग्रहासाठी निवडला, त्यामागे हेच मर्म होते. मीठ गरिबातील गरिबालाही लागते. गुजरातेत दांडी येथे आणि आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा येथे लोकांनी मीठ उचलून तो कायदा मोडला. पुढे स्वतंत्र भारतात वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मीठ करमुक्त ठेवले गेले. अंगाच्या साबणाची वडी व टूथपेस्ट यांवर १८ टक्के कर होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. कर वाढतो तेव्हा ज्या वाटेने महागाई घरात येते, कर घटतो तेव्हा त्याच वाटेने स्वस्ताईही यावयास हवी. ती आली की नाही, हे पावती पाहूनच समजते.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ७०० रुपयांची वाढ २२,००० रुपयांच्या घरात शेकडा तीनहून अधिक होते. १,१०,००० रुपये मिळविणाऱ्या घराचा खर्च तिच्या दुप्पट, म्हणजे १,४०० रुपयांनी वाढला, तरी ती वाढ शेकडा सव्वाच भरते. मोठ्या घरात ती शिलकीतून भागते. लहान घरात ती ताटातून वजा होते.

मुलीने हे सारे हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडले. ते पाहून आईने पुन्हा पेन्सिल हाती घेतली. वडील दर आठवड्यास शहरात जात. ते पंधरवड्यास एकदाच जाऊन दोन्ही खेपांचे सामान आणतील, असे ठरले. डाळ आधी भिजवून आणि भांड्यावर झाकण ठेवून शिजवावी, म्हणजे गॅस पुरवठ्यास येईल, असे मुलीने सुचविले. दोन्ही मिळून ४०० रुपये वाचणार होते. उरलेल्या ३०० रुपयांसाठी आईने पानावरून एकदा बोट फिरविले. मग दुधापुढील ‘अर्धा’ हा शब्द खोडून तिने पुन्हा ‘एक’ लिहिले आणि दिवाळीसाठी धरलेल्या स्वतःच्या साडीपुढे लिहिले : ‘पुढील वर्षी’.

मुलीने ते वाचले. बेरीज आता जुळली होती, पण ३०० रुपये नाहीसे झाले नव्हते. ते केवळ एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले होते. दूर समुद्रापार तेलाचा भाव ठरतो, राजधानीत कराचा दर ठरतो, आणि त्यांचा शेवटचा आकडा अशा एखाद्या वहीत कोणीतरी लिहीत असते. तो कोणी लिहिला, हे तिने त्या रात्री पाहिले.