ब्रेकमनच्या हातातली गाडी

मेलबर्नच्या ल्यूना पार्कमधली ‘ग्रेट सीनिक रेल्वे’ सुटते तेव्हा सगळे प्रवासी बसलेले असतात आणि एकच माणूस गाडीच्या मधोमध उभा असतो. तो ब्रेकमन. त्याच्या हातात ब्रेकचा लांब दांडा असतो. उतारावर गाडीला किती मोकळं सोडायचं आणि वळण येण्याआधी किती आवरायचं, हे तोच ठरवतो. ही रोलर कोस्टर १३ डिसेंबर १९१२ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सातत्याने चालत आलेली जगातली सर्वांत जुनी रोलर कोस्टर म्हणून ती ओळखली जाते. वयानं तिच्याहून मोठी अशी एकच आहे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १९०२ची ‘लीप द डिप्स’. पण ती मध्ये बरीच वर्षं बंद होती.

मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या समुद्रकिनाऱ्यावर याच जागी १९०६ साली ‘ड्रीमलँड’ नावाची करमणुकीची बाग निघाली होती. ती काही वर्षांतच बुडाली. मग जे. डी. विल्यम्स आणि फिलिप्स बंधू या अमेरिकन मंडळींनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा नमुना समोर ठेवून ल्यूना पार्क उभारलं. उघड्या तोंडातून लोकांना आत घेणारा दारावरचा ‘मिस्टर मून’ आजही शहराची खूण आहे.

कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्पसननं उताराच्या जोरावर चालणारी गाडी सुरू केली होती. वेग ताशी सुमारे १० किलोमीटर, तिकीट पाच सेंट. पुढं त्यानंच देखावे दाखवत नेणारी ‘सीनिक रेल्वे’ लोकप्रिय केली. मेलबर्नची गाडी त्याच घराण्यातली. गाडीला इंजिन नाही. चढावर तिला ओढून नेतात, तिथून पुढं सारं काम गुरुत्वाकर्षणाचं. जवळजवळ एक किलोमीटरचा लाकडी मार्ग बागेच्या कडेकडेनं फिरतो आणि उंचावरून पोर्ट फिलिपचा उपसागर दिसतो.

आता ब्रेकमन कशाला हवा? आधुनिक कोस्टरच्या गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडे चाकं असतात. ती रूळ सोडूच शकत नाही. जुन्या बांधणीच्या सीनिक रेल्वेत रुळाला खालून धरणारी चाकं नसत. उंचवट्यावर वेग जास्त झाला तर गाडी उचलली जाण्याची भीती. शिवाय वेग रोज सारखा नसतो. भरलेली गाडी रिकामीपेक्षा वेगळी धावते, पावसानं रूळ ओले झाले की चाल बदलते, समोरून वारा असला तर आणखी वेगळी. हे सगळं ब्रेकमन पायाखालच्या थरथरीवरून आणि चाकांच्या आवाजावरून ओळखतो. कोपनहेगनच्या टिवोली बागेसारखी मोजकीच ठिकाणं आता उरली आहेत जिथं हे काम माणूस करतो.

ऑस्ट्रेलियातच दुसरं टोकही गाठलं गेलं. गोल्ड कोस्टवरच्या ‘ड्रीमवर्ल्ड’ या बागेत १९९७ साली ‘टॉवर ऑफ टेरर’ ही कोस्टर सुरू झाली. विद्युतचुंबकांच्या जोरावर गाडी सुमारे सात सेकंदांत ताशी १६१ किलोमीटरचा वेग घेई आणि उभ्या मनोऱ्यावर चढून पुन्हा खाली येई. ताशी शंभर मैलांचा वेग गाठणारी ती जगातली पहिली. २०१९ साली ती कायमची बंद झाली. मेलबर्नची म्हातारी मात्र टिकली.

पण सारं यंत्रावर सोपवलं की धोका टळतो, असंही नाही. त्याच ड्रीमवर्ल्डमध्ये २५ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ या पाण्यावरच्या सफरीत चार जणांचा जीव गेला. भीती वाटावी अशी ती सफर नव्हतीच. घरची मंडळी एकत्र बसत, अशी होती. पंप बंद पडला, पाणी उतरलं, एक तराफा अडकला आणि मागून आलेला त्यावर आदळला. पाण्याची पातळी घटल्याचं आपोआप ओळखून सफर थांबवणारी यंत्रणा तिथं नव्हती. २०२० साली मृत्यूचौकशीच्या अहवालानं देखभाल आणि सुरक्षाव्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले, आणि बागेच्या मालक कंपनीला ३६ लाख डॉलरचा दंड झाला. म्हणून ‘माणूस आहे म्हणजे धोका आणि यंत्र आहे म्हणजे निर्धास्त’ ही समजूत खरी नाही. धोका वेळीच ओळखून चाक थांबवणारी व्यवस्था आहे की नाही, हे महत्त्वाचं.

मेलबर्नमध्येही सगळं जपलं गेलं असं नाही. १९२३ साली आलेली ‘बिग डिपर’ ही दुसरी कोस्टर १९८९ साली पाडली. तिच्या जागी मोठी नवी येणार होती, ती आलीच नाही. सीनिक रेल्वे वाचली आणि व्हिक्टोरिया राज्याच्या वारसा यादीत ल्यूना पार्कची नोंद झाली. लाकडाच्या फळ्या सतत बदलाव्या लागतात, ते पैशानं करता येतं. ब्रेकमनचं कसब मात्र जुन्याच्या शेजारी नव्याला उभं करूनच शिकवावं लागतं. वारसा म्हणून तेही तितक्याच आस्थेनं सांभाळलं गेलं पाहिजे.

कुणी मेलबर्नला जाणार असेल तर एक लक्षात ठेवावं: ल्यूना पार्क रोज उघडं नसतं. शनिवार-रविवार किंवा तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघून जावं, आणि सीनिक रेल्वे चालू आहे की देखभालीसाठी थांबवली आहे, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं.